न सांगता केलेलं रेकॉर्डिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरमालक डिपॉझिट बुडवतो, कार्यालयातला बाबू "आमचंही बघा जरा" म्हणतो, वसुलीवाला आईवरून शिव्या देतो, नवरा-बायकोचं फिसकटतं. भांडण कुठलंही असो, वकिलासमोर बसलं की पाच मिनिटांत फोन टेबलावर येतो: "रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे." आणि लगेच आवाज खाली जातो: "पण त्याला सांगितलं नव्हतं. मीच अडकेन का?" खालची उत्तरं भारतातल्या कायद्याची आहेत. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे तिथले निवाडे दोन्हीकडे चालतात. परदेशात राहणाऱ्यांसाठी शेवटाकडे वेगळं लिहिलंय, कारण तिथे गणित उलटं होऊ शकतं.

मी स्वतः बोलत होतो तो कॉल न सांगता रेकॉर्ड केला. गुन्हा झाला का?

नाही. बोलणाऱ्यांपैकी एकाने आपलंच संभाषण टिपून ठेवलं तर तो गुन्हा, असं सांगणारं कलम आपल्याकडे नाही.

याचा पाया मुंबईतल्याच एका खटल्यात घातला गेला. १९६४ साली शहरातल्या एका नर्सिंग होममध्ये अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण दगावला आणि मृत्यूची चौकशी कॉरोनरकडे, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, गेली. डॉक्टरला त्रास नको असेल तर वीस हजार रुपये द्या, अशी मागणी कॉरोनरने दुसऱ्या एका डॉक्टरमार्फत केली. घासाघीस होऊन आकडा दहा हजारांवर आला. डॉक्टरांनी लाचलुचपत विभाग गाठला. फोनला टेपरेकॉर्डर जोडला गेला आणि मध्यस्थ डॉक्टरने पोलिसांच्या देखत कॉरोनरला फोन लावला. हाच तो आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य खटला. हे १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याचं उल्लंघन आहे, असा कॉरोनरचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये तो फेटाळला. बोलणाऱ्यानेच आपणहून दुसऱ्याला ऐकू दिलं, टिपू दिलं. मग तारेत कुणी चोरून हात घातला असं कसं म्हणायचं?

त्याआधी १९६७ मध्येही असंच झालं होतं. मुंबई महापालिकेच्या एका कारकुनाला लाच देऊ पाहणाऱ्याचं बोलणं माईक लपवून टेप केलं होतं आणि न्यायालयाने ते स्वीकारलं. समोरच्याला पत्ता नव्हता, एवढ्यावर पुरावा बाद होत नाही. दोन्ही निवाडे टेपच्या रिळांच्या काळातले, पण आजही वकील आधी त्यांचाच आधार घेतात.

पण आता गोपनीयता मूलभूत हक्क आहे ना?

आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात तसं स्पष्ट सांगितलं. त्यानंतर काही उच्च न्यायालयांनी चोरून केलेलं रेकॉर्डिंग पुराव्यात घ्यायला नकारही दिला. तरी सर्वसाधारण धोरण बदललेलं नाही: पुरावा प्रकरणाशी संबंधित आहे का आणि खरा आहे का, हे आपली न्यायालयं आधी बघतात, तो कसा मिळाला हे नंतर.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून माणसाने स्वतःच्या वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी ठेवलेली माहिती वगळली आहे. बँक, कॉल सेंटर, दवाखाना यांना ही सवलत नाही. तुमचा कॉल रेकॉर्ड होतोय हे कंपनीने सांगायचं असतं, ते यासाठीच.

दोन माणसं बोलत होती, मी त्यांच्यात नव्हतो. ते रेकॉर्ड केलं तर?

इथे सगळं फिरतं. वरची सूट "मी बोलणाऱ्यांपैकी एक आहे" या एका गोष्टीवर टिकून आहे. तुम्ही तिसरे असाल तर ते चोरून ऐकणं झालं. २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे बेकायदा संदेश अडवण्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे कलम जून २०२४ पासून लागू आहे. कुणाच्या मोबाइलमध्ये गुपचूप हेरगिरीचं ॲप टाकलंत तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ वेगळं लागतं.

सरकारलाही मोकळं रान नाही. फोन टॅपिंग हा जगण्याच्या हक्कावरचा घाला आहे, तो कायद्याने ठरवलेल्या पद्धतीनेच घालता येईल, असं सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात १९९६ मध्येच बजावलं. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका लाच प्रकरणात सीबीआयसाठी काढलेले टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले. सार्वजनिक आणीबाणी नसताना आणि सार्वजनिक सुरक्षितताही धोक्यात नसताना आदेश काढले होते, हे कारण. टिपलेलं संभाषण नष्ट करा, असंही सांगितलं.

नवऱ्याचे किंवा बायकोचे कॉल मी रेकॉर्ड केलेत. घटस्फोटात चालतील का?

तुमच्या दोघांमधलं बोलणं असेल तर चालेल, आणि हे उत्तर अगदी अलीकडचं आहे. पंजाबातल्या भटिंड्याच्या कौटुंबिक न्यायालयात एका नवऱ्याने बायकोशी झालेल्या बोलण्याची सीडी दिली होती. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो तिच्या गोपनीयतेचा सरळ भंग मानून पुरावा नाकारला. १४ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. पती-पत्नीमधलं बोलणं उघड करण्यावर पुरावा कायद्याचं कलम १२२ बंधन घालत होतं, पण त्याच कलमात दोघांमधल्या दाव्यांसाठी अपवाद होता. त्यावर न्यायालयाने बोट ठेवलं. अशाने संसारात पाळत ठेवायला उत्तेजन मिळेल, हा युक्तिवादही मान्य झाला नाही. जोडपं एकमेकांवर पाळत ठेवायला लागलं, तर ते नातं आधीच मोडल्याचं लक्षण आहे, असं न्यायालयाचं म्हणणं.

आता "दोघांमधलं" याकडे नीट बघा. बायको तिच्या आईशी किंवा मैत्रिणीशी काय बोलते, हे घरात यंत्र ठेवून टिपणं म्हणजे मागच्या प्रश्नातला तिसरा माणूस झालात. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात नवऱ्याचं वागणं बेकायदा ठरवलं होतं. आणि खरं सांगायचं तर, अशी फाइल न्यायाधीशांसमोर बायकोपेक्षा नवऱ्याबद्दलच जास्त सांगून जाते.

सरकारी माणूस पैसे मागतोय. रेकॉर्ड करून ठेवू का?

करा, पण ते रेकॉर्डिंग घेऊन व्हिडिओ बनवत बसू नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री क्रमांक लावा किंवा जिल्ह्याच्या युनिटमध्ये जा. तुमची फाइल तिथे तक्रारीला जोर देते. मग ते स्वतःचा डिजिटल व्हॉइस रेकॉर्डर देऊन पंचांसमोर मागणीची पडताळणी करतात, आणि मागणी खरी निघाली तरच सापळा लागतो. नोटांना पावडर लावायचा भाग सिनेमात दिसतो. खटला उभा राहतो तो पडताळणीच्या रेकॉर्डिंगवर. मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध व्हायलाच हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा एकदा सांगितलंय.

म्हणून बोलताना एक पथ्य पाळा: आकडा तुमच्या तोंडून आधी येऊ देऊ नका. "साहेब, दोन हजारांत होईल का?" असं तुम्हीच विचारलंत, तर त्या फाइलमध्ये मागणी नाही, तुमची ऑफर आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवल्यास संरक्षण मिळतं. आठवा दिवस उजाडू देऊ नका.

पोलीस ठाण्यात मोबाइल चालू ठेवला तर?

"शासकीय गुपिते कायद्यात आत टाकीन" ही धमकी बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. वर्ध्यातल्या एका माणसावर तसा गुन्हा खरोखरच दाखल झाला होता. शेजाऱ्याशी झालेल्या भांडणाच्या तक्रारीवेळी त्याने ठाण्यात मोबाइलवर चित्रीकरण केलं होतं. नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये तो रद्द केला. १९२३ च्या त्या कायद्यात "निषिद्ध जागा" कोणत्या हे नेमकं सांगितलंय, आणि पोलीस ठाणं त्यात बसत नाही. २०२४ मध्ये पाथर्डीच्या प्रकरणात औरंगाबाद खंडपीठानेही तेच म्हटलं. तिथे एकाने पोलिसाशी झालेलं बोलणं टिपलं होतं. त्या प्रकरणात धमकीचे आरोप मात्र तसेच राहिले. म्हणजे रेकॉर्डिंग हा गुन्हा नाही, त्या नादात तुम्ही काय बोललात ते वेगळं मोजतात.

फोन काढून घेतील अशी भीती असेल तर ठाण्यातल्या सीसीटीव्हीची आठवण ठेवा. डिसेंबर २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे तो आवाजासह हवा. फुटेज जपून ठेवा, असा लेखी अर्ज त्याच आठवड्यात द्या आणि पोचेची प्रत घ्या.

कर्जवसुलीवाल्याच्या शिव्या?

बिनधास्त टिपा. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करता येत नाही, नातेवाइकांना आणि मित्रांना छळता येत नाही. आधी कर्ज देणाऱ्या बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत समाधान नाही झालं तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. माहितीसाठी १४४४८.

सोसायटीच्या सभेचं रेकॉर्डिंग सेक्रेटरी करू देत नाही.

तुम्ही सभासद आहात, सभेत हजर आहात, म्हणजे संभाषणात आहात. फौजदारी अंगाने अडचण नाही. अध्यक्ष मात्र सभेची शिस्त म्हणून मोबाइल बंद करायला सांगू शकतात, आणि तिथे वाद घालत बसण्यापेक्षा इतिवृत्तात हरकत नोंदवून घेणं शहाणपणाचं. पुनर्विकासाची गोष्ट वेगळी. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे विकासक निवडण्याच्या विशेष सभेचं चित्रीकरण सोसायटीनेच करायचं असतं, तेही निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर. तिथे "रेकॉर्डिंग नको" म्हणणारी कमिटीच संशयास्पद.

ऑफिसात एचआरशी झालेलं बोलणं?

गुन्हा नाही. पण नेमणूकपत्रातली अट आणि कंपनीचं धोरण वाचा. मनाई असेल तर नोकरीवर कारवाई होऊ शकते. छळाची तक्रार करायची असेल तर ती जोखीम बहुतेक वेळा घेण्यासारखी असते.

कोर्टाच्या खोलीत?

नाही. परवानगीशिवाय अजिबात नाही, ऑनलाइन सुनावणीचंही नाही. अवमानाची कारवाई होते.

"हा कॉल रेकॉर्ड होत आहे" असं फोनच बोलतो. म्हणजे सांगणं सक्तीचं झालं का?

भारतात नाही. तो गुगल आणि ॲपल यांचा निर्णय आहे. जगभर एकच सॉफ्टवेअर विकायचं, आणि काही देशांत सर्वांची संमती लागते, म्हणून सरसकट सूचना. मे २०२२ पासून गुगलने प्ले स्टोअरवरच्या इतर कंपन्यांच्या रेकॉर्डिंग ॲपांची वाटही बंद केली. आयफोनवर ही सोय २०२४ मध्ये आली, तीही सूचनेसकटच. सूचना ऐकून समोरचा बोलत राहिला तर तुमचीच बाजू बळकट होते, त्यामुळे ती बंद कशी करायची याच्या क्लृप्त्या शोधण्यात रात्र घालवू नका.

मी रेकॉर्ड केलं नव्हतं. मोबाइल कंपनीकडून जुनं संभाषण मिळेल?

मिळणार नाही, कारण कंपनी बोलणं साठवतच नाही. तिच्याकडे सीडीआर, म्हणजे कॉल डिटेल रेकॉर्ड असतो: कुठल्या नंबरवरून कुठे, किती वाजता, किती सेकंद, कुठला टॉवर. हा तपशील किमान दोन वर्षं ठेवावा लागतो आणि तो पोलीस किंवा न्यायालय मागवू शकतं. तुमच्या फाइलला तो चांगला जोड पुरावा होतो. फाइल चार मिनिटं बारा सेकंदांची आणि सीडीआरमध्येही तेवढाच कॉल दिसला, की "असा फोन झालाच नाही" हे म्हणणं संपतं.

रेकॉर्डिंग कोर्टात टिकायला काय लागतं?

बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. लोकांच्या मनात भीती संमतीची असते, आणि पुरावा मरतो तो हाताळणीत.

नेहमीचा क्रम असा. कॉल संपतो. फोनच्या रेकॉर्डिंगच्या फोल्डरमध्ये फाइल पडते. तिच्या नावातच समोरच्याचा नंबर, तारीख, वेळ असते. माणूस ती भावाला व्हॉट्सॲप करतो. भाऊ सुरुवातीचं "जेवलास का" वगैरे कापून फक्त "मुद्द्याचं" ठेवतो. ती फाइल पेनड्राइव्हवर वकिलाकडे येते, तोवर नाव बदललेलं, तारीख बदललेली, आणि मूळ फाइल जागा नाही म्हणून डिलीट. समोरच्या वकिलाला उलटतपासणीत एकच प्रश्न पुरतो: बाकीचं कुठाय?

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या ६५ब ऐवजी भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ आलं. प्रत द्यायची असेल तर त्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा भाग अ तुम्ही भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. दोन्हीत फाइलचा हॅश लिहायचा. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेली अक्षरं-आकड्यांची लांब ओळ. फाइलमधला अर्धा सेकंद कापला तरी अख्खी ओळ बदलते. म्हणून कापाकापी नको, आवाज "स्वच्छ" करणंही नको. मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या, प्रत केबलने काढा, आणि जो भाग तुमच्या विरोधात जातो तोही ठेवा.

प्रमाणपत्राची सक्ती किती कडक, हे जालन्याच्या एका निवडणुकीने देशाला शिकवलं. २०१४ च्या विधानसभेला अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा अर्ज दुपारी तीनची वेळ टळल्यावर घेतला, असा कैलास गोरंट्याल यांचा दावा होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणाचा. औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक रद्द केली. प्रकरण वर गेलं, आणि जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रमाणपत्र लागतंच. फक्त मूळ फोन किंवा यंत्रच त्याच्या मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन हजर केलं तर नाही. गोरंट्याल यांनी ते वारंवार मागूनही सरकारी यंत्रणेने दिलं नव्हतं, म्हणून त्यांच्यापुरती सूट मिळाली. यातून घ्यायचं ते हे: यंत्र दुसऱ्याचं असेल तर प्रमाणपत्र लेखी मागा आणि मागितल्याचे कागद जपा.

बाकीच्या कसोट्या १९८५ च्या राम सिंग निवाड्यापासून त्याच आहेत. आवाज ओळखता आला पाहिजे, ऐकू आला पाहिजे, छेडछाड नसल्याचं दाखवता आलं पाहिजे. भाषेची अडचण नाही. मराठीतलं बोलणं मराठीतच शब्दशः उतरवून द्या, शिव्यांसकट.

समोरचा म्हणतो, "हा माझा आवाजच नाही."

आवाजाचा नमुना मागता येतो. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांना तो अधिकार दिला आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ मध्ये तो लिहूनच टाकलाय. नमुना न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो; मुंबईतली कलिन्याची सगळ्यांना ऐकून माहीत असते. एआयने हुबेहूब आवाज बनायला लागल्यापासून हा बचाव वाढणार, हे उघड आहे. त्याला उत्तर म्हणजे मूळ फोन आणि सीडीआर.

ग्रुपवर टाकू का? लोकांना कळू दे तरी.

माझं स्पष्ट मत: नको. रेकॉर्ड करणं आणि पसरवणं या दोन वेगळ्या कृती आहेत, आणि आतापर्यंत सांगितलेलं सगळं संरक्षण पहिलीला आहे. पसरवलंत की बदनामीचा दावा येतो, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. "पैसे दे नाहीतर व्हायरल करतो" म्हणालात की खंडणीचं कलम ३०८. मग मूळ भांडणात तुम्ही बरोबर होतात, याला किंमत राहत नाही. बलात्कारपीडितेची ओळख त्यातून उघड झाली तर कलम ७२ खाली कैद आहे. पोलीस, न्यायालय, लोकपाल, वकील यांना फाइल देणं म्हणजे पसरवणं नव्हे. गावच्या तीनशे माणसांच्या ग्रुपवर टाकणं म्हणजे पसरवणंच.

आवाजाऐवजी व्हिडिओ असेल तर?

समोरासमोरच्या व्यवहाराचा व्हिडिओ, म्हणजे दुकान, कार्यालय, रस्ता, याला वरचेच नियम. खासगी क्षणांचा मात्र संमतीशिवाय कधीच नाही. स्त्रीचं तसं चित्रण केलं तर न्याय संहितेचं कलम ७७, पहिल्याच गुन्ह्याला एक ते तीन वर्षं. चित्रणाला ती हो म्हणाली होती पण पसरवायला नाही, तरी पसरवणं हा गुन्हाच. स्त्री असो वा पुरुष, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई दोघांनाही लागू.

मी कॅलिफोर्नियात असतो, भाऊ सांगलीत. वाटणीवरून झालेला कॉल रेकॉर्ड केला तर?

तुम्ही जिथे बसलाय तिथला कायदा आधी. अमेरिकेचा संघराज्याचा कायदा एकाच्या संमतीवर भागवतो, पण कॅलिफोर्नियात खासगी बोलण्याला सगळ्यांची संमती लागते. फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया, वॉशिंग्टन ही राज्यंही त्याच माळेतली. जर्मनीत न विचारता कुणाचं खासगी बोलणं टिपणं हा थेट फौजदारी गुन्हा आहे. दुबई-अबुधाबीत तर हा विषय अंगाशी येतो. तिथे कैद आणि दंड दोन्ही आहेत, आणि परदेशी माणसाची नोकरीही धोक्यात येते. अशा ठिकाणांहून बोलत असाल तर सुरुवातीलाच "दादा, मी हे रेकॉर्ड करतोय" म्हणा. सांगलीतल्या भावाने त्याच्या फोनवर टिपलं, तर त्याला भारतातला कायदा.

फोन जुना झालाय, एक्स्चेंजमध्ये देऊ का? फाइल क्लाउडवर आहे.

खटला संपेपर्यंत देऊ नका. बॅटरी फुगली असेल तर दुकानात दाखवा, पण फॅक्टरी रीसेट करू देऊ नका, आणि दुरुस्तीची पावती ठेवा. दोन-चार हजारांच्या एक्स्चेंजसाठी मूळ पुरावा गेला, की पुढची सगळी मदार प्रमाणपत्रावर आणि तुमच्या उलटतपासणीवर येते.